दोघींत एक इंजिन

रविवारचं जेवण अंगावर आलंय. वांग्याची भाजी, भाकरी आणि वर ताकाचा मोठा पेला. मी व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत पाय पसरून पडलोय. डोक्यावर पंखा कुरकुरतोय आणि आत नलिनी ओट्यावरची आवराआवर करतेय. डोळे मिटतात, पण झोप उंबऱ्यापर्यंत येते आणि तिथंच घोटाळते, कारण चहाच्या वेळेला इस्माईल मिस्त्री येणार आहे. येताना साखळी आणि कप्पी घेऊन येणार आहे. आज संध्याकाळी आम्ही भूपालच्या गाडीतलं इंजिन उचलून माझ्या गाडीत बसवणार आहोत.

भूपाल शिरगुप्पे म्हणजे माझा दोस्त, सांगलीच्या बाजारातला हळदीचा अडत्या. गेल्या दिवाळीच्या तोंडावर दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या गेला. त्याच्याकडे एक शेवरोले आणि माझ्याकडे एक, दोन्ही एकोणचाळीस सालच्या. त्याची काळी, माझी मरून. जुन्या अमेरिकन गाड्या पाळणाऱ्या मूठभर वेड्यांचा आमचा एक क्लब आहे, तिथं या दोघींना 'जावा' म्हणतात. एकीचं दुखलं की दुसरीचं काढून द्यायचं, असा आमचा संसार. माझा डायनॅमो त्याच्या गाडीत, त्याचा कार्बुरेटर माझ्या गाडीत. मूळचं कोणाचं काय, ते शेवटी शेवटी आम्हालाही सांगता येत नव्हतं.

संक्रांतीच्या सुमाराला माझ्या गाडीचं इंजिन तडकलं. तडकलं कसलं, मीच तडकवलं. रेडिएटरमधलं पाणी संपलंय हे लक्षात आलं नाही, आणि आलं तेव्हा मी घाईघाईनं तापलेल्या इंजिनात थंडगार पाणी ओतलं. ज्यानं काल गाडी घेतली तोही असं करत नाही. चाळीस वर्षं या गाड्यांत हात काळे करून मी ते केलं, आणि क्लबात मात्र 'जुनं बिडाचं लोखंड होतं हो, गेलं' असं सांगितलं. गुढीपाडव्याला कोल्हापुरात क्लबाचा मेळावा आहे आणि माझ्या गाडीला इंजिन नाही.

अशात महिन्याभरापूर्वी भूपालच्या बायकोनं, पद्मावतीवहिनींनी, निरोप धाडला. "भावजी, गाडी उभी हाय. एकदा येऊन बघा आणि काय करायचं ते सांगा." मी गेलो. एकटा नाही, क्लबातले तिघं-चौघं बरोबर होते. बॉनेट उघडलं, वाकलो, इकडे तिकडे हात घातल्यासारखं केलं आणि ताठ होऊन म्हणालो, "इंजिन जाम झालंय वहिनी. उभं राहून राहून धरलं. आता सगळं खोलून सोडवावं लागेल, आणि नुसत्या उभ्या गाडीवर एवढा खर्च कोण करणार?"

मी काहीही फिरवून पाहिलं नव्हतं. फिरलं असतं तर मला ते मागता आलं नसतं.

वहिनींनी उघड्या बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाल्या, "मग तुमच्या गाडीला तरी उपयोगी पडू दे." क्लबातल्यांनी माझी पाठ थोपटली. दोन्ही कुजण्यापेक्षा एक जगलेली बरी, असं सगळ्यांचं मत पडलं. दुसऱ्याच दिवशी मी टेंपोला बांधून काळी माझ्या शेडमध्ये आणली. तेव्हापासून शेडमध्ये गेलो की मी तिच्या मागच्या बाजूनं जातो, पुढून जात नाही. मला लाज वाटते, दुसरं काय.

पंख्याची कुरकुर थांबते.

वीज गेली वाटतं. व्हरांड्याच्या पायरीवर कोणीतरी माझ्याकडे पाठ करून बसलंय. पांढरा सदरा. उजवी बाही कोपरापर्यंत पिवळी, पोत्यात हात घालून घालून अडत्यांची होते तशी. मला नवल वाटत नाही. मला एवढंच वाटतं, की हा चपला घालूनच आला, आता नलिनी ओरडणार.

"उठ लेका," भूपाल म्हणतो. "मिस्त्री यायच्या आत निम्मं काम उरकू या."

"कसलं काम?"

"इंजिन काढायचं न्हाई का? त्यो इस्माईल घाई करतोय. माझ्या गाडीचा एकेक नट मला ठावा हाय."

तो उठतो आणि चालायला लागतो. मी मागोमाग. घरापासून शेड म्हणजे अंगण ओलांडायचा अवकाश, पण आम्ही चालतोच आहोत, आणि दोन्ही बाजूंना हळदीची पोती लागली आहेत. मार्केट यार्ड. सौदे चालू आहेत. माणसं पुष्कळ आहेत, पण कोणाचा आवाज येत नाही. सगळे हात रुमालाखाली. आमच्याकडे हळदीचा भाव तोंडानं बोलायची रीत नव्हती. अडत्यानं आणि गिऱ्हाइकानं रुमालाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. भूपाल म्हणायचा, माणूस तोंडानं काहीही बोलेल, रुमालाखाली बोट खोटं बोलत नाही.

एका पोत्यापाशी तो थांबतो. खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या हातांवर टाकतो आणि माझा हात धरतो. त्याचा हात ऊबदार आहे. मला एकदम रडू येतं.

"सांग," तो म्हणतो.

"काय सांगू?"

"बोटानं सांग. गाडीचं काय झालंय?"

मी बोटं हलवायला बघतो. ती हलत नाहीत. त्याच्या तळव्यात माझी बोटं लाकडासारखी पडून आहेत. तो वाट बघतो. सौदा मोडला की अडते करतात तसं शेवटी हळूच हात सोडतो, रुमाल झटकतो आणि पुन्हा चालायला लागतो. रागावलेला दिसत नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

शेड आलीय. आत दोघी शेजारी शेजारी उभ्या आहेत, काळी आणि मरून. काळीचं बॉनेट आधीच उघडं आहे. भूपाल सदऱ्याच्या बाह्या सारतो आणि मला एकेक पाना देत जातो.

"ह्यो बोल्ट पुढनं सैल वाटतो, पर मागनं घट्ट हाय. सरळ पाना लावलास तर तोंड खराब हुईल. हां, असा."

"हितं रॉकेल सोड. थोडं थांब. थांब की मर्दा, कुठं गाडी चुकायलीय?"

तो सांगतो तसं मी करतो, आणि सगळं सुटत जातं. कार्बुरेटर हातात येतो. भूपाल तो दोन्ही हातांनी घेतो, त्याच्यावरची धूळ सदऱ्यानं पुसतो आणि माझ्या मरूनच्या मडगार्डवर अलगद ठेवतो. स्वतःच्या गाडीचं पोट तो माझ्यासाठी उघडून देतोय. माझ्यानं ते बघवत नाही.

"भूपाल," मी म्हणतो, "तू शिव्या का देत नाहीस मला?"

"कशाला?"

"तुझी गाडी मोडतोय मी."

"लेका, तुझं इंजिन तडकलं तवाच मी म्हटलं, आता ह्यो माझ्या दारात येणार. पर ताकाला यायचं आणि भांडं लपवायचं, ही तुझी खोड काय जात न्हाई. माग की सरळ. कवा न्हाई म्हटलंय मी?"

नाही म्हणाला नाही, हेच तर आहे. मी मान वर करतो तर शेडचं छप्पर गेलंय आणि आम्ही अंकलीच्या पुलाअलीकडे रस्त्याच्या कडेला उभे आहोत. दुपार रणरणतेय. हा दिवस मला ठाऊक आहे. आम्ही दोघं आपापली गाडी घेऊन कोल्हापुराहून परत येत होतो आणि माझ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी फुटली, गाडी बंद पडली. संध्याकाळी सांगलीत माझ्या मुलीचा साखरपुडा होता. आता पुन्हा तेच चाललंय. भूपाल स्वतःच्या गाडीची टोपी काढून माझ्या हातावर ठेवतो. ती अजून गरम आहे.

"जा. पोरीचा साखरपुडा हाय."

"आणि तू?"

"मी बसतो हितंच. उसाचा रस मिळतो पलीकडं. सकाळच्याला टोपी पाठवून दे म्हंजे झालं."

त्या दिवशी मी गेलो होतो. साखरपुड्यात पेढे वाटले, लोकांशी हसलो, आणि हा रात्रभर गाडीत झोपला. आज मला जायचं नाहीये. मी टोपी परत द्यायला हात पुढे करतो. तो घेत नाही. पुलाखाली कृष्णेचं पाणी पिवळं वाहतंय. मी म्हणतो, "घे रे, घे ना," आणि माझा आवाज मोठा होतो, इतका मोठा, की सतरंजीवर बसलेली माणसं वळून बघतात.

सतरंजी भूपालच्या घरातली. आम्ही भेटायला आलोय. क्लबातले सगळे मांडी घालून ओळीनं बसलेत, आणि समोर पाटावर भूपालचा फोटो असायला हवा तिथं माझ्या मरूनची पुढची जाळी ठेवलीय. तिला झेंडूचा हार घातलाय. उदबत्ती लावलीय. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

"हेडलाइट मूळच्याच ना हो?" कोणीतरी हळूच विचारतं.

"दाराच्या कड्या मी बोलून ठेवल्यात हां," दुसरा म्हणतो.

असं आम्ही खरंच बोलतो. क्लबातलं कोणी गेलं की सुतक फिटायच्या आत कुजबूज सुरू होते, आणि आमच्यातला प्रत्येकजण ती करतो. वहिनी भिंतीला टेकून बसल्यात, पदर डोक्यावरून घेतलाय. त्या एकदाही माझ्याकडे बघत नाहीत. भूपाल माझ्या शेजारीच येऊन बसलाय, स्वतःलाच भेटायला आल्यासारखा. त्याच्या ताटलीत पोहे आहेत, तो खात नाही.

"काय सांगितलंस तिला?" तो विचारतो.

"जाम झालंय म्हणून."

"फिरवून बघितलंस?"

मी सतरंजीचा दोरा उसवत बसतो.

"सदा," तो म्हणतो. मला सदानंद कोणीच म्हणत नाही, पण तो नुसतं सदाही क्वचितच म्हणायचा, नेहमी लेका नाहीतर मर्दा. "आपली रीत काय हुती? खोलायच्या आधी?"

खोलायच्या आधी एकदा फिरवून बघायचं, ही आमची रीत. कितीही मेल्यासारखं दिसलं तरी इंजिनाला एकदा हँडल मारून बघितल्याशिवाय पाना लावायचा नाही. दुसऱ्यांनी लावला तर आम्ही दोघं त्यांना खाटीक म्हणायचो.

"चल," भूपाल म्हणतो.

पुन्हा शेड. काळी माझ्यासमोर उभी आहे. काढलेलं सगळं तिच्या अंगावर परत बसलंय, जणू आम्ही कशाला हात लावलाच नव्हता. आणि मी तिच्या पुढच्या बाजूला उभा आहे. महिन्याभरात पहिल्यांदा. भूपाल डिकीतून हँडल काढतो, लांब, दोनदा वाकवलेलं लोखंडी हँडल, बंपरखालच्या भोकात सारतो आणि आत कुठंतरी ते खट्‌ करून बसतं. मग बाजूला होतो.

"अंगठा भायेर ठेव. बोटांच्या बाजूला."

मला ते ठाऊक आहे. हँडल मारताना अंगठा मुठीत घ्यायचा नसतो. इंजिनानं उलटा झटका दिला तर मोडतो. पण मी मूठ आवळतो, अंगठा आत घेऊन, जितकी घट्ट आवळता येईल तितकी. कारण माझ्या मनात एकच चाललंय. फिरू नको. बाई, हात जोडतो, फिरू नको. जाम हो. मी खोटं बोललो ते खरं होऊ दे, म्हणजे मी सुटलो. दोस्ताच्या डोळ्यांसमोर उभा राहून मी त्याच्या गाडीचं मरण मागतोय. असा मी आहे.

मी जोर लावतो.

ती फिरते. अडखळत नाही, कुरकुरत नाही. दाणे घातलेलं जातं फिरावं तशी जडपणानं, पण सरळ फिरते. मी थांबायला हवं, पण हात थांबत नाही, आणखी एक फेरा, आणि आतून काहीतरी भरून येतं, दाटतं, आणि हँडल माझ्या मुठीत उलटं उसळतं.

कळ खांद्यापर्यंत जाते. मी ओरडतो. पण त्या ओरडण्याच्या वर एक आवाज आहे, सहा सिलिंडरांचा, सावकाश, जाड, एकसारखा. काळीचं बॉनेट बारीक थरथरतंय. भूपाल मान कलती करून ऐकतोय. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलेलं असायचं आणि हा बाहेर येऊन असाच ऐकत उभा राहायचा. त्याच्या तोंडावर इतकं समाधान आहे, की मला त्याला काही विचारवत नाही, माफीही मागवत नाही.

"बघ," तो म्हणतो. मग माझ्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात, "आता काय करायचं ते तू ठरव."

"अहो! काय झालं? केवढ्यानं ओरडलात!"

पंखा फिरतोय. नलिनी चहाचा कप घेऊन उभी आहे. ऊन व्हरांड्याच्या फरशीवरून माझ्या पायापर्यंत आलंय. मी बसतो, कप घ्यायला उजवा हात पुढे करतो आणि मला तो धरता येत नाही.

"अगंबाई, हे काय केलंत?"

अंगठा बुडापाशी सुजलाय. काळानिळा, टरटरून. मी वाकवून बघतो तर डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

"खुर्चीत सापडला का? मगाशी जेवताना तर बरा होता. थांबा, बर्फ आणते," नलिनी म्हणते आणि आत जाते.

मी खुर्ची बघतो. खुर्चीत अंगठा सापडेल असं काही नाही. शेडकडे बघतो. दार बंद आहे, कुलूप बाहेरून आहे, किल्ली माझ्या खिशात. कसं झालं ते मला सांगता येणार नाही, आणि खरं म्हणजे मला त्याचं काही पडलेलंही नाही. मला दुसरंच काहीतरी कळलंय. जाम झालेलं इंजिन उलटा झटका मारत नाही. ते हलतच नाही, तर मारणार कुठून? हँडल उलटं उसळतं ते फक्त जितं इंजिन असेल तर.

मी डाव्या हातानं फोन उचलतो आणि वहिनींचा नंबर लावतो. घंटी वाजते तेवढ्या वेळात मी वाक्यं जुळवतो. 'नीट तपासल्यावर असं दिसतंय की.' 'इस्माईलचं म्हणणं पडलं की.' वहिनी फोन उचलतात आणि त्यातलं एकही तोंडातून निघत नाही.

"वहिनी, गाडी जाम नाहीये. मी त्या दिवशी फिरवून बघितलीच नव्हती. खोटं बोललो तुमच्याशी. मला इंजिन हवं होतं."

पलीकडे कुकरची शिट्टी होते. कोणीतरी गॅस बंद करतं.

"म्हाइत हाय मला, भावजी," वहिनी म्हणतात.

"माहीत आहे?"

"हे गेल्यापास्नं दर शनिवारी मीच फिरवत होते की. ह्यांनीच शिकवलेलं. गाडी उभी ऱ्हायली तर आठवड्यातनं एकदा तरी हातानं फिरवायची म्हणायचे, न्हाईतर धरती. तुम्ही आलासा त्याच्या आदल्या दिवशीबी फिरवली हुती. चांगली फिरली."

मी वाकलो होतो, हात घातल्यासारखं केलं होतं, आणि त्या मागे उभ्या राहून सगळं बघत होत्या.

"मग तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत? तिथल्या तिथं खोटं पाडायचं होतं मला."

"चार माणसांत तुम्हाला खोटं पाडू?" त्यांचा आवाज चढत नाही. मुलाला समजावावं तसं सांगतात. "म्हटलं, भावजी असं बोलायचे न्हाईत. बोलले, म्हंजे लईच नड असणार त्यांना. ह्ये असते तर दिलीच असती."

रडू येतंय आणि नलिनी बर्फ घेऊन आलीय, म्हणून मी रस्त्याकडे तोंड करतो.

"वहिनी," मी म्हणतो, "गाडी आणून देतो."

"टेंपोतनं?"

"नाही. चालवत."

"आणि तुमची?"

माझीला इंजिन नाही. पाडव्याला मेळाव्यात ती नसेल, आणि कदाचित कधीच नसेल. मी तसं त्यांना सांगतो, आणि का तडकलं तेही सांगतो, थंड पाण्याचं. ते ऐकून त्या हसतात. भूपाल गेल्यापासून त्यांना हसताना मी ऐकलं नव्हतं.

फाटकाशी इस्माईलचा टेंपो येऊन थांबतो. मागे साखळी आणि कप्पी खळखळते. नलिनी माझा हात धरून अंगठ्याला बर्फ लावते, आणि तो इतका ठणकतो की मला ओठ चावून बसावं लागतं.